नियोक्त्याचा रकाना

३ फेब्रुवारी, सकाळी

आजपासून रोज लिहायचं. उद्या चौकशी झाली तर लेखी पुरावा हवा.

सरकारी योजनेचा अर्ज पाठवला. अपंग माणसाला कामावर ठेवलं तर सरकार अर्धा पगार देतं, शिवाय पायऱ्यांच्या जागी उतार बांधून देतं. आमच्या बाइंडिंगच्या दुकानाला तीन पायऱ्या. शिलाईवाली सहा वर्षं कुबडी टेकत त्या चढते. गेल्या महिन्यात पडली. पलीकडच्या छापखान्याने तिला बोलावलंय, तिथे एकही पायरी नाही. ती म्हणाली, काका, महिनाअखेरपर्यंत वाट बघते, पुढे तुमच्या पायऱ्या तुम्हीच चढा.

ती गेली तर दुकानाला कुलूप. तिला शिकवलं मीच, पण हल्ली माझा हात थरथरतो. थंडीमुळे.

अर्ज मी भरते, असं ती म्हणत होती. म्हटलं, मी सातवी पास आहे. जुनी सातवी.

४ फेब्रुवारी

अर्ज काळ्या शाईने भरायचा होता, मी निळ्या शाईने भरला. हिला विचारलं, याला शिक्षा काय? ही म्हणाली, शाईसाठी कोणी फासावर देत नाही. मला आधी 'देतात की' असं ऐकू आलं. दुपारी जेवलो नाही.

निश्चय: घाबरायचं नाही.

७ फेब्रुवारी

शाळेची चाळीस रजिस्टरं परत आली. त्यांना निळा पुठ्ठा हवा होता, आपण पिवळा लावला. माणसाने 'निळा' म्हणताना 'नि' नीट म्हणावा. हल्ली सगळेच तोंडात सुपारी धरल्यासारखं बोलतात. शिलाईवालीने काही न बोलता चाळीसही पुठ्ठे उचकटले. तिचं न बोलणं मात्र मला लख्ख ऐकू येतं.

९ फेब्रुवारी, दुपारी

सरकारी ऑफिसातून फोन. साहेब कसलीतरी '...सणी' म्हणाले. तपासणी की उलटतपासणी? पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. 'होय साहेब' म्हणून फोन ठेवला. आपण नक्की काय कबूल केलं?

११ फेब्रुवारी

तपासणीच होती. साहेब आले. मी घाबरून झाडू हातात घेतला, म्हणजे कामात दिसावं. खळीचा डबा लवंडला तो पुसायला खाली बसलो. शिलाईवाली गल्ल्यावर बसली होती, तीच सगळं बोलली. साहेबांनी एकदा माझ्याकडे वाकून काहीतरी विचारलं. म्हटलं, बहात्तर पूर्ण. साहेबांनी मान डोलावली आणि बरंच लिहून घेतलं.

जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला. छाप पडली.

१२ फेब्रुवारी

मेलो.

शिलाईवालीने साहेबांकडे माझा अर्ज पहिल्यांदाच पाहिला. त्यात दोन रकाने होते. 'लाभार्थी': ज्याला लाभ होणार तो. अनुदानाचा लाभ मला, म्हणून मी माझं नाव घातलं. 'नियोक्ता': ज्याला नियुक्त केलं तो. म्हणून तिचं. आता ती म्हणते, नियोक्ता म्हणजे मालक हो काका, आणि लाभार्थी म्हणजे अपंग कामगार.

म्हणजे कागदोपत्री ती मालकीण आणि मी तिच्याकडे कामाला. साहेबांनी मला विचारलं होतं, तुम्हाला त्रास कशाचा आहे? मी बहात्तर म्हटल्यावर त्यांनी 'ऐकण्याचा' असं लिहिलं. जाताना तिला म्हणाले, म्हाताऱ्या माणसाला सांभाळता, तुमच्यासारखे मालक हवेत.

खोटा अपंग! याला किती वर्षं? पेटीतून स्वेटर काढून ठेवला. आत थंडी असते म्हणतात.

१३ फेब्रुवारी

शिलाईवालीने ऑफिसात फोन करून खरं ते सांगितलं. साहेब म्हणाले, अर्ज आता बदलता येणार नाही. नवा अर्ज पुढच्या वर्षी. पंधरा दिवसांत परिस्थितीच अर्जाप्रमाणे बदलता आली तर बघा.

पुढच्या वर्षापर्यंत ती थांबणार नाही. तसं तिने सांगितलं, तेही दोनदा.

ही म्हणाली, त्यात बदलायचं काय आहे? पोरगीच दुकान चालवते, तुम्ही खळ सांडता. परवाना तिच्या नावावर करा, जागेचं भाडं घ्या, आणि कान तपासून या.

माझ्या घरात माझ्याविरुद्ध कट.

१७ फेब्रुवारी

कान तपासले. आधी ठरवलं होतं, मुद्दाम बहिऱ्याचं सोंग घ्यायचं. काचेच्या खोलीत कानाला डबड्या लावून बसवलं. शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. ऐन वेळी धीर सुटला. सरकारी दवाखाना, खोटेपणा पकडला तर? प्रत्येक शिट्टीला इमानदारीत बटण दाबलं. बाहेर येऊन डॉक्टरीणबाईंना म्हटलं, सातच्या सात ऐकल्या, एकही सोडली नाही.

त्या म्हणाल्या, आजोबा, मी चाळीस वाजवल्या.

मशीन जुनं असणार.

२० फेब्रुवारी

सर्टिफिकेट आलं. शिक्का खरा, सही खरी. आता मी खोटा अपंग नाही, म्हणजे तुरुंग टळला. सुटल्यासारखं वाटलं. मग वाटलं, यात सुटलो कशातून?

शिलाईवाली परवान्यावर सही करायला तयार नव्हती. म्हणाली, काका, तुमच्या मनात नसेल तर राहू दे, मी छापखान्यात जाते, रागावणार नाही. माझ्या मनात नव्हतंच. बंद दुकान डोळ्यांसमोर आलं आणि सही केली. हात थरथरला. थंडी नव्हती.

२७ फेब्रुवारी

मंजूर. पायऱ्या फोडल्या, उतार झाला. ती खालून वर न थांबता आली, कोणाचा हात न धरता. वर पोचल्यावर पाठ फिरवून उभी राहिली थोडा वेळ. मी पुठ्ठे मोजत होतो.

कानात यंत्र बसवलं. पहिल्यांदा ऐकलं ते हिचं वाक्य: आता जरा जपून बोलायला हवं.

निश्चय: दुकान आपलंच समजून काम करायचं.

२ मार्च, संध्याकाळी

कामाचा पहिला दिवस. नऊ वाजून दहा मिनिटांनी पोचलो. म्हटलं, आपलंच दुकान. बाईंनी हजेरीपट पुढे केला आणि माझ्या नावापुढे 'उशीर' लिहिलं. मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

नेमणूक सहा महिने तात्पुरती आहे. काम बघून कायम करू, असं बाई म्हणाल्या. हळूच म्हणाल्या, तरी ऐकू आलं.

उद्या साडेआठला निघायचं.