फोटोचा खाना

१८ नोव्हेंबर, सोमवार

जो कोनी हे वाचन त्यानं माफ कराचं. माह्या लिहिन्यात लय चुका रायतात, अन टायपिंग तं अशी का एक ओळ होईपर्यंत चहा थंडा होते. ऑफिसवाल्या जुबेर भाऊनं सांगतलं का हात बसाले रोज एक पान टाईप कर, मनात येईन ते लिही, कोनी पायनार नाही. मनून ही डायरी. ऑफिसच्याच कम्प्युटरवर.

मी आचल. चांदूर बाजारची. नववीत शाळा सोडली. मास्तर उभं करून वाचाले लावत अन माहा आवाजच नाही निंघे. पोट्ट्या हासत. एक दिवस गेलीच नाही, मंग कधीच नाही.

काल अमरावतीले गाडी बदलून अकोल्यात आली. जुन्या शहरात वच्छला मावशीकडं राहाची सोय झाली. ऑफिस तिच्याच गल्लीत, कापडाच्या दुकानावर. जिना एवढा उभा का दोरी धरून चढा लागते. तीन कम्प्युटर, एक जुबेर भाऊ, अन आता मी. लय बरं वाटून राहिलं. इथं कोनाशी बोला लागत नाही.

निंघतानी रागिणी माह्या पायाले चिपकून बसली होती. माही लहान बहीन, पाच वर्षाची. तिले सांगतलं का पयल्या सुट्टीत येतो.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आज काम शिकली. ऑनलाईन दुकानवाले आपल्या मालाची यादी पाठवतात. कोनाच्या यादीत ‘माल’ लिहून रायते, कोनाच्या ‘आयटम’, कोनाच्या ‘वस्तू’. ज्या जाहिरातवाल्यायकडं ही यादी जाते त्यायचे खाने मात्र ठरेल हायेत. नाव, रंग, साईज, किंमत, शिल्लक, फोटो. दुकानाचा कोनता खाना त्यायच्या कोनत्या खान्याले जोडाचा ते आपन सांगाचं. जुबेर भाऊ म्हने आपन सोयरीक जुळवनारे. जुळली तं ओळ हिरवी, नाही जुळली तं लाल, अन लाल झाली का पोरीचा बाप आपल्यावरच भडकते. मी हासली. चांगली मोठ्यानं हासली, मलेच नवल वाटलं.

दुपारी चपलायचं दुकान केलं. त्यात चार फोटो नव्हते. भाऊनं सांगतलं का फोटो नसन तं जोडनी तपासाले कोनताही टाक, मंग दुकानवाला आपला पाठवते.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

भाऊनं आज जुन्या सामानाचं एक दुकान देलं. दुकानाले नाव नाही, नुसता नंबर. हे कोनी आनलं ते त्यायलेही आठवे ना. यादी साधी. लोखंडी अलमारी, हिरवी. शिलाई मशीन, पायाची. अजून दहा-बारा चिजा. पन फोटोचा खाना पुरा रिकामा, मनून सारं लाल.

भाऊले विचाराले पाह्यजे होतं. दोनदा उठली, दोनदा बसली. ते फोनवर होते, मंग जेवत होते, मंग मले लाज वाटली. माह्या मोबाईलात घरचे फोटो होते. आमच्या घरी हिरवी अलमारी हाये, आईची मशीन हाये. एकेक टाकाचा कंटाळा आला मनून पुऱ्या अल्बमचीच लिंक देली. ज्या नावाले जो फोटो जुळला तो आपोआप बसला. जे घरी नव्हतं ते लाल राह्यलं, बाकी हिरवं. भाऊ म्हने शाबास.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी पाह्यलं तं अलमारीच्या ओळीत शिल्लक शून्य. विकल्या गेली. फोटो माहा अन माल दुकानाचा, घेनाऱ्याले काय भेटन मनून थोडी भेवली.

भाऊले माहा शाळेचा दाखला पाह्यजे होता. आईले फोन केला का अलमारीत वरच्या खनात पाहून सांग.

“कोनती अलमारी वं?” आई म्हने.

हिरवी म्हनलं. तं म्हने आपल्या घरी कधी अलमारी होती, कागदं तं खुटीवरच्या पिशवीत रायतात. मले वाटलं मजाक करून राहिली. पन माही आई मजाक करत नाही.

मोबाईलातला फोटो काढून पाह्यला. भिंत हाये. कॅलेंडर हाये. अलमारी नाही. पुऱ्या भिंतीले चुना सारखा, जसं तिथं कधी काही ठेवलंच नव्हतं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

मशीनची शिल्लक शून्य झाली.

फोन केला. आई दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचून राहिली होती. माही आई ब्लाउज शिवते. पुऱ्या मोहल्ल्याचे शिवते. शिवनं काहून सोडलं विचारलं तं हासली. म्हने मले कुठं येते वं शिवता, सुईत दोरा तं तू ओवून देतं.

भाऊले सारं सांगतलं. एवढं मी कोनालेच कधी बोलली नाही. त्यायनं पानी देलं. म्हने घरची याद येते बेटा, पयल्या हप्त्यात सगळ्यायले होते.

लिंक काढून टाकली. सारं लाल झालं. लाल पाहून जीव थंडा झाला.

२५ नोव्हेंबर, सोमवार

लिंक परत लागून हाये. मी नाही लावली.

यादीत नवीन ओळ आली.

नाव: पोरगी. साईज: लहान. शिल्लक: एक.

फोटो रागिणीचा. दिवाळीतला, हातात फुलझडी—

ओळ पुसली. परत आली. कम्प्युटर बंद केला, चालू केला, हायेच. भाऊले दाखवली. ते म्हने दुकानाची यादी हाये, आपल्याले पुसता येत नाही, आपल्या हातात नुसती जोडनी. फोटोकडं त्यायनं पाह्यलंच नाही.

दुपार. जोडनी माह्या हातात. मंजे फोटो बदलता येते. कुत्र्याचा टाकला. लाल, अन रागिणी परत. झाडाचा टाकला. लाल. देवाचाही टाकला. लाल. नाव पोरगी हाये, त्याले पोरगीच पाह्यजे.

गल्लीतली हीना हाये माह्या मोबाईलात. सहा वर्षाची. जिन्यात खेळते. तिच्या फोटोवर बोट ठेवलं होतं—

नाही.

घरी फोन केला. रागिणी बोलली. दीदी कधी येतं म्हने. हाये. अजून हाये.

माहाही एक फोटो हाये. अमरावतीच्या स्टँडवरचा. मी सतराची. मीही कोनाची पोरगीच—

हिरवं.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

शिल्लक शून्य.

सकाळी मावशीनं विचारलं कोनाची वं तू, घरात कशी आली. माही पिशवी तिले दिसे ना. निंघून ऑफिसात आली.

घरी फोन लावला. मागून रागिणीचा आवाज आला, भाकरीसाठी रडून राहिली होती. बेस झालं. हाये ती—

“कोन बोलून राह्यलं?” आई म्हने.

नाव सांगतलं. दोनदा सांगतलं. म्हने राँग नंबर हाये बाई, मले एकच पोरगी.

भाऊनं तुमी म्हनलं मले. काय काम होतं ताई, बसा म्हने. मनून बसली. टाईप करून राहिली. हात बसला आता, भरभर—

आता ते विचारतही नाही. आत्ता त्यायनं जेवनाचा डबा आनून माह्या खुर्चीवर ठेवला. मी बसून हाये इथं. भाऊ मी बसून—

आवाज निंघत नाही

खाली गल्लीतून कोनी ओरडून सांगून राह्यलं का उद्या सकाळी सहाले जुन्या शहरात नळ सोडनार हायेत, भांडे घासून ठेवा, आठ दिवसानं पानी—