दांड्याला फुटलेला फाटा

एल्क रिज, विस्कॉन्सिन
२४ मे १९८८

प्रिय थेल्मा,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी खुर्ची शोधली असशील. घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही.

इकडे लायलॅकचं झुडूप फुललं आहे, रूबार्बचे आंबट देठ कापायला आले आहेत. माझा गुडघा तेवढा कुरकुरतो. ऑर्विल गेल्यापासून कॉफी रोज उरते, एकटीपुरती करायला हात वळत नाही. त्याच्या अंत्यविधीला तू आलीस, मागच्या बाकावर बसलीस आणि चर्चच्या तळघरात कॉफीलाही न थांबता मॅडिसनला परत गेलीस. मी हॅमच्या सँडविचांची ताटं फिरवत राहिले. तुला हाक मारायला हवी होती, नाही मारली.

दरवर्षी मे अखेरीस सगळं गाव थडग्यांवर फुलं वाहतं, त्या स्मृतिदिनासाठी दफनभूमीतलं गवत कापून झालं. कुंपणाकडच्या कोपऱ्यावरूनही यंत्र फिरलं, दरवर्षी फिरतं तसंच. आता दफनभूमीच्या समितीला तिथे खडी टाकून गाड्या लावायला जागा करायची आहे. जूनच्या पहिल्या सोमवारी सभा आहे.

तो कोपरा तुला आठवत असेलच. तिथलं निळ्या डोळ्यांचं गवत, ते बारीक निळ्या फुलांचं, राखायचं म्हणून मी हटून बसले होते. नांगर न लागलेल्या माळावरचं ते दुर्मीळ वाण आहे, असं मीच सगळ्यांना सांगितलं होतं. सुट्टीवर आलेली तू त्या वर्षीच्या सभेला आलीस, तेव्हा समितीतल्या लेलँड ब्रेक्केला आयतीच सापडलीस.

"थेल्मा, तू शाळेत हेच शिकवतेस ना? मग सांग बाई एकदाचं. माळावरचं असेल तर कोपरा सोडला आम्ही. तुझी बहीण तर आम्हाला यंत्रच लावू देत नाही."

त्याने कोपऱ्यातून उपटून आणलेला दांडा तू उंच धरलास. "फुलाकडे बघू नका, फूल फसवतं. दांडा बघा. माळावरचं असतं ना, ते सरळ शेंड्यापर्यंत जातं आणि तिथे दोन तुरे एकमेकांना खेटून बसतात. याला मध्येच फाटा फुटलाय. हे साधं. तुमच्या गाईंच्या कुरणात हवं तेवढं मिळेल."

"म्हणजे आर्डिसबाई इतके दिवस गाईंचा चारा राखत होत्या," लेलँड म्हणाला. सगळे हसले, तूही हसलीस. बाहेर आल्यावर विचारलंस, "अगं, रागावलीस का? गवतच तर आहे."

"हो, गवतच आहे," मी म्हणाले. त्यानंतर तुझ्याशी धड बोलले नाही. तू पत्रं पाठवलीस, फोन केलेस, माझं काय चुकलं म्हणून विचारलंस. तुझं काहीच चुकलं नव्हतं, थेल्मा. ते साधंच होतं. माझ्या हाताने कुरणातून उपटून दुधाच्या बादलीतून मीच ते तिथे नेऊन लावलं होतं.

तू लहान होतीस तेव्हा मी बरेच दिवस इस्पितळात होते. अपेंडिक्स, असं आईने तुला सांगितलं. अपेंडिक्स नव्हतं. मुलगी झाली होती, रडलीच नाही. मला शुद्ध यायच्या आत ऑर्विलने आणि त्याच्या वडिलांनी तिला लाकडी खोक्यात घालून त्या कोपऱ्यात पुरलं. बाप्तिस्मा झालेला नाही, तेव्हा दगड बसवायचा नाही, असं मोठ्यांनी ठरवलं. आई म्हणाली, "आता विसर. बोलत राहिलीस तर जखम भरायची नाही." ऑर्विलने एकदाच, ट्रकमधूनच, बोटाने जागा दाखवली.

मला काहीतरी खूण हवी होती. गवतासारखं दिसेल आणि कुणी विचारणार नाही, असं काहीतरी. त्याच्या दोन जाती असतात हे तेव्हा मला कुठलं ठाऊक? रेल्वेच्या बांधावर तुझं ते सरळ दांड्याचं उगवायचं. तिथून आणलं असतं तर आज कोपरा वाचला असता. कुरण जवळ होतं, एवढंच.

तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस, याचा मी खूप विचार केला आहे. खोटं तू बोलली नसतीस. पण हसलीही नसतीस, आणि आपली एवढी वर्षं अशी वाया गेली नसती. त्याचं मला फार वाईट वाटतं.

ऑर्विल होता तोवर जागा माहीत असलेलं आणखी एक माणूस होतं. आता मी एकटीच आहे. सभेत उठून सांगावं म्हणून गोठ्यात गाईंसमोर बोलून पाहिलं. "मुलगी" या शब्दाच्या पुढे एकदाही जाता आलं नाही.

म्हणून तू ये. इथे अजून तुझ्या शब्दाला मान आहे. गेल्या वेळी तू त्यांना खरं सांगितलंस, पण अर्धंच, कारण उरलेलं मी दाबून ठेवलं होतं. आता ते सगळं तुझ्याजवळ आहे. तू उभी राहा आणि सांग. मी तुझ्या शेजारी बसेन, पुढच्या बाकावर.

तिची आई,
आर्डिस