वखारीत राहिलेली माणसं

८ जानेवारी २००४, गुरुवार
एग्मोर, चेन्नई

आले एकदाची! गाडी उशिरा लागली, पाठ मोडली, पण स्टेशनबाहेर कॉफीचा वास आला आणि सगळा शीण गेला. स्टीलच्या वाटीत पेला पालथा घालून देतात. तो उचलताना मी निम्मी कॉफी ओढणीवर सांडली. काउंटरवाला हसला, मीही हसले.

आजपासून रोज लिहायचं ठरवलंय. आयुष्यातली पहिली टूर आहे ही माझी. दोन वर्षं पुण्याच्या ऑफिसात बसून लोकांची बुकिंगं घेतली, खिडकीच्या सीटवरून त्यांची भांडणं सोडवली. आता मी स्वतः टूर मॅनेजर. तीही आयती मिळालेली. या टूरचा मॅनेजर राघोत्तम परवा तडकाफडकी सुटी टाकून मिरजेला घरी निघून गेला. सिद्धार्थ सरांनी मला बोलावून सांगितलं, कीर्ती, तू जा. वेल्लोर, जिंजी, तंजावर, पाँडिचेरी सगळं झालंय, चेन्नईतले शेवटचे दिवस तेवढे सांभाळ आणि भोगीच्या संध्याकाळी सगळ्यांना परतीच्या गाडीत बसव. संक्रांतीला लोक आपापल्या घरी पोचले पाहिजेत.

दुपारी मंडळींना भेटले. बहुतेक साठीच्या पुढची जोडपी. चित्रावहिनी पाटणकरांना मी ओळखते. बुकिंगच्या वेळी डोकं खाल्लं होतं त्यांनी माझं. पुढचीच सीट हवी, चहा आल्याचाच हवा, भात रोज चालणार नाही. मी जरा घाबरतच त्यांच्यासमोर गेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि गोड हसल्या. ओळख दाखवली नाही. जेवणात पहिल्या दिवशीपासून भातच आहे म्हणे. पानात शीतसुद्धा न ठेवता जेवल्या.

एवढी गुणी मंडळी मी बघितली नव्हती. कोणी चहासुद्धा मागितला नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

आज टी. नगर. पोंगलचे सेल लागलेत. रस्त्यावर उसाच्या मोळ्या, हळदीची ताजी रोपं, नवी मडकी. मुंगीला शिरायला जागा नाही. मी बसमधून माईकवर सांगितलं, कांजीवरम इथे घ्या, सोनं तिकडे, अमुक वेळी याच कोपऱ्यावर जमा. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी आईसाठी एक साडी बघून परत आले तर सगळे कोपऱ्यावरच उभे. एकाच्याही हातात पिशवी नाही. साडीच्या दुकानाकडे पाठ करून, रांगेत, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. गर्दी त्यांना धक्के देत जात होती आणि ते हलत नव्हते. चित्रावहिनींनी हात जोडले होते. मला वाटलं समोर देऊळ असेल. समोर एका बँकेची भिंत होती.

बसमध्ये विचारलं तर साताऱ्याच्या कमलिनीकाकू म्हणाल्या, घर त्या अंगाला आहे ना.

ड्रायव्हर गुरुमूर्ती मोडकं हिंदी बोलतो. तो रोज सकाळी बसच्या पायरीला विभूती फासतो. मी विचारलं, हे पहिल्यापासून करतोस का? तो म्हणाला, नाही मॅडम, पाँडिचेरीहून आल्यापासून.

१० जानेवारी, शनिवार

आज काशिनाथकाका माझ्याशी बोलले. कमलिनीकाकूंचे यजमान. एसटीतून रिटायर झालेत, साताऱ्याला असतात, गुडघे गेलेत, काठी घेऊन चालतात. सगळ्या बसमध्ये तेच एक आहेत जे सांबाराला नावं ठेवतात. बाकीचे मरिना बीचवर वाळूत बसले होते. काका मला बाजूला घेऊन गेले.

ते म्हणाले, पाँडिचेरीहून समुद्रकाठच्या रस्त्याने येताना राघोत्तमने एक जादा ठिकाण दाखवतो म्हणून बस आडवाटेला घेतली. इथलं कोवलम, केरळातलं नव्हे, कोळ्यांचं गाव आहे, त्याच्या अलीकडे खाडीच्या तोंडाशी एक पडकी वखार आहे. जमिनीखाली कमानींचं तळघर, पायऱ्या सरळ पाण्यात उतरतात. ओहोटी होती. राघोत्तम सगळ्यांना घेऊन खाली गेला. काकांना पायऱ्या जमेनात म्हणून ते गुरुमूर्तीबरोबर बसमध्येच थांबले. खालून आधी हसण्याबोलण्याचे आवाज येत होते, मग एकदम थांबले. खूप वेळाने सगळे एकामागोमाग एक वर आले. गुडघ्यापर्यंत ओले. कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

मग काका म्हणाले, “पोरी, ती माझी कमल नाही.”

मी त्यांचा हात धरला. म्हटलं, काका, प्रवासाने दमल्या असतील. ते म्हणाले, “चाळीस वर्षं ती माझ्याशी भांडतेय. गोळी घेतली का यावरून, पंख्यावरून, खिडकीवरून. आता रात्रीची माझे पाय चेपते आणि विचारते, तुम्ही कोण्या घरचे? फार प्रेमाने विचारते गं. म्हणून जास्त भीती वाटते.”

मी समजूत काढली. म्हातारपणी अशी विस्मृती होते, घरी गेल्यावर डॉक्टरला दाखवू वगैरे. माझं मलाच ते पटत नव्हतं.

११ जानेवारी, रविवार

सेंट जॉर्ज किल्ला. इथली गाइड जयंती. मैलापुरात राहते, तंजावरच्या मराठी घरातली. लहानखुरी, गजरा माळलेली, बोलताना तमिळ हेल काढते. पुण्याची माणसं येणार म्हणून आनंदात होती. मला म्हणाली, आमची मराठी ऐकून हसूं नका हो.

संग्रहालयात ती मंडळींबरोबर पुढे गेली, मी तिकिटांसाठी मागे राहिले. परत गेले तर जयंती खांबाला टेकून उभी, तोंडावर पदर. मला ओढतच बाहेर झाडाखाली घेऊन आली.

“अम्मा, ही पुण्याची माणसं नव्हेत. आमच्या घरीं पणजी बोलत होती, तसें बोलतात. त्याहून जुनें. मला विचारतात, वेढा उठला काय? होड्या आल्या काय? मी काय सांगूं?”

मी वखारीचं सांगितल्यावर तिने मला खाली बसवलं. म्हणाली, त्यांच्या घरात बायका सांगायच्या. देशावरून आलेल्या शिबंदीची बायकापोरं वेढा पडला तेव्हा त्या तळघरात लपली. रात्री होड्या येऊन नेणार होत्या. वखारीत वर राहिलेल्यांनी दार लावून घेतलं. होड्या आल्या नाहीत, भरती आली. कोळी लोक अजून त्या बाजूला जाळं टाकत नाहीत.

पैसे न घेता गेली ती. जाताना माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाली, तूं खाली उतरूं नकोस.

मी परत आले तेव्हा मंडळी बसमध्ये आपापल्या जागी बसली होती. चित्रावहिनींनी हळूच विचारलं, कृष्णेला पाणी आहे ना अजून?

१२ जानेवारी, सोमवार

बूथवरून सिद्धार्थ सरांना फोन केला. सगळं सांगितलं. ते हसले. म्हणाले, कीर्ती, अगं एकाही माणसाची तक्रार नाही, अशी टूर कंपनीच्या इतिहासात झाली नाही, आणि तू रडतेस? त्यांना वेळेवर गाडीत बसव.

मग राघोत्तमच्या घरी लावला. त्याच्या आईने उचलला. सुरुवातीला बऱ्या बोलत होत्या. राघू आलाय, तब्येत छान आहे, उंबऱ्यावर डोकं ठेवून खूप रडला. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, दिवसभर भिंतींवरून हात फिरवतो. मला आई म्हणतो, पण दुसऱ्याच कोणाला तरी म्हटल्यासारखं. “काल त्याने मला नाव विचारलं. माझा राघू कुठंय हो?”

मी फोन ठेवून दिला.

दोन-तीन दिवसांत अशीच सगळी माणसं सगळ्यांच्या घरी पोचणार. साताऱ्याला, सांगलीला, कऱ्हाडला. नातवंडं धावत येऊन गळ्यात पडणार.

१३ जानेवारी, मंगळवार

काका रात्रभर झोपले नाहीत. म्हणतात, ही जर वर आहे तर माझी कमल खाली आहे. अंधारात, पाण्यात. मला घेऊन चल. तू नाही नेलंस तर रिक्षाने जाईन.

मी नको म्हणाले. मग त्यांच्याकडे बघवेना.

गुरुमूर्तीला विचारलं. तो म्हणाला, ठीक मॅडम, पण मी खाली पाय ठेवणार नाही. पण बाकीच्या मंडळींना हॉटेलात कोणाच्या भरवशावर सोडायचं? त्यांना एकटं सोडायची मला भीती वाटते. तीही बरोबरच येतील.

मंडळींना सांगितलं, उद्या गाडीच्या आधी एक ठिकाण बघायचंय. कुठलं ते सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही. घरी कधी, एवढंच. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही आलं. ही माणसं वाईट नाहीत. तेच तर —

१४ जानेवारी, बुधवार. भोगी

पहाटेपासून शहरभर धूर. घराघरापुढे जुन्या चटया, केरसुण्या, टायर जाळताहेत. पोरं डफ वाजवताहेत. बस धुरातूनच निघाली.

कोवलम मागे टाकून आडवाटेला वळलो आणि मागून आवाज यायला लागला. वळून बघितलं. सगळे रडत होते. मोठ्याने नाही. तोंडं मिटून, पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरून. चित्रावहिनी म्हणत होत्या, नको माये, तिथं नको.

—

पोचलो. तळघराच्या तोंडावर बाभळीचे काटे टाकलेले होते. काकांनी काठीने बाजूला केले. टॉर्च घेतली. कमलिनीकाकू खिडकीतून बघत होत्या. काकांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि उतरले.

कोणीही बसमधून खाली उतरलेलं नाही.

—

बराच वेळ झाला. मी तोंडाशी दगडावर बसलेय. लिहिलं की जरा धीर येतो.

खालून आवाज. काकांचा! कमल, कमल म्हणताहेत. मग —

मग चित्रावहिनींचा. खालून. कोणाला तरी झापताहेत, किती वेळ उभं करायचं माणसाला, कुणाला काही पडलंय का. मी बसकडे बघितलं. चित्रावहिनी खिडकीत बसल्यात. ओठ मिटलेले.

काका ओरडले, “कीर्ती, सगळी इथंच आहेत गं! दोर आण! पाणी चढतंय!”

—

दोर नाही. गुरुमूर्ती कोवलमला गेलाय पळत, कोळी आणि दोर आणायला. बसची किल्ली घेऊन गेला. म्हणाला, आत जाऊ नका, येतोच मी. येतो म्हणाला.

भरती आहे. मघाशी कोरडी होती ती पायरी आता दिसत नाही.

खाली सगळे बोलताहेत. एकमेकांची नावं घेताहेत. राघोत्तमचाही आवाज आहे. आई म्हणतोय.

जयंती म्हणाली होती उतरू नकोस. हे खरे आवाज आहेत की — कसं कळणार? कसं कळतं माणसाला?

—

बसमधून उतरलेत. आले माझ्यामागे. कोणी मला धरत नाही, ढकलत नाही. हात जोडून उभे. म्हणताहेत, लेकी, ऐकू नको त्यांचं. ते वर आले की आम्हाला खाली जावं लागेल. फार थांबलो गं. एकदा घर दाखव, मग काय ते कर.

लहान मुलांसारखी रडताहेत म्हातारी माणसं.

गुरुमूर्ती नाही. रस्ता रिकामा.

पाणी कमानीला लागलं. खालचे आवाज कमी झाले. एक थांबला. अजून एक.

ओढणीचं टोक सोडलंय आत. पुरत नाही. दोन पायऱ्या उतरले तर —

उतरले. पाणी गार आहे. वही गुडघ्यावर —

ओढणीला ओढ लागली. कोणीतरी धरलीय. पाण्यातून हात वर आला, बाईचा, हिरव्या बांगड्या, मनगटावर जुना भाजल्याचा डाग. मागे वळले. कमलिनीकाकू पायरीवर आल्यात, माझ्यापुढे हात पसरून. त्याच बांगड्या. तोच डाग.

दोघी एकाच आवाजात म्हणताहेत, हात दे.

मी कोणाचा —