बरणीबाबतचे कलम

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, रक्तवाहिन्यांची शल्यचिकित्सक, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर करीत आहे. ही शुद्ध उद्या गुरुवारी काही तास भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या ताब्यात जाणार आहे, म्हणून आजच लिहून मोकळी होते. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. उलट, दुसऱ्यावर दबाव आणण्याचा माझाच बेत आहे आणि तो कलम पाचमध्ये उघड लिहिला आहे.

प्रसंग असा की माझ्या पोटातली मुख्य धमनी फुगली आहे. जन्मभर ज्या आजारावर संशोधन केले, तोच घरी मुक्कामाला आला. माझी शिष्या, जी आता आमची विभागप्रमुख आहे, उद्या तो भाग उघडून तिथे कृत्रिम नळी शिवणार आहे. तिचा हात चांगला आहे. मीच घडवला आहे. तरीही पोट उघडल्यावर कोणाचे काय होईल ते सांगता येत नाही, हे मी इतरांना इतक्यांदा ऐकवले आहे की स्वतःला सूट देणे बरे दिसणार नाही.

कलम १. माझे राहते घर आणि बँकेतील शिल्लक माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला मिळावी. आत्याकडे जाते असे घरी सांगायची सोय नव्हती, म्हणून ती मैत्रिणीकडे जाते सांगून येत राहिली. स्वयंपाकघरातला नळ गळतो. तो तिने आधी दुरुस्त करावा, मग पडदे वगैरे.

कलम २. संशोधनाचे सर्व साहित्य शिष्येकडे जावे. फुगलेल्या धमनीच्या भिंतीचे नमुने त्यात आहेत, आणि दिवसभर उभे राहून काम करणाऱ्या शिक्षिका, पहारेकरी, दुकानदार यांच्या पायांतील शिरांची मोजमापेही आहेत. माझे जे निष्कर्ष चुकीचे ठरतील, ते चुकीचे म्हणूनच छापावेत. गुरूचा मान राखायला रोग्याचा जीव घालवू नये.

कलम ३. माझे शस्त्रक्रियागृहातले उंच स्टूल आमच्या मुख्य परिचारिकेला द्यावे. जगाच्या पायांना पट्ट्या बांधताना तिच्या स्वतःच्या पोटऱ्यांवर शिरांची जाळी उठली आणि ती मला फार उशिरा दाखवली. विचारले तर म्हणाली, "बाई, तुम्ही उभ्या असताना मी कशी बसू?" तिने आता बसावे. ही विनंती नसून हुकूम आहे.

कलम ४. आमचे जुने विभागप्रमुख हयात असल्यास त्यांना माझा वाचायचा चष्मा द्यावा. माझ्या पहिल्या शोधनिबंधावर त्यांचे नाव आधी आणि माझे तळटीपेत गेले होते. चष्म्याने तळटीप स्पष्ट दिसते.

कलम ५. विभागातील कपाटात वरच्या फळीवर काचेची एक बरणी आहे. तिच्यात माझ्या वडिलांच्या मुख्य धमनीचा फुटलेला तुकडा आहे.

बाबांच्या पाठीत कळ आली तेव्हा मी शिकाऊ डॉक्टर होते. सगळ्यांनी मूतखडा म्हटले, शेक दिला, आणि संध्याकाळी बाबा गेले. धडधाकट माणूस असा का जातो हे मला कळायलाच हवे होते, म्हणून शवविच्छेदनाच्या कागदावर मी सही केली. भाऊ दारात आडवा उभा राहिला होता. नंतर तुकडा जतन केल्याचे कळले तेव्हा तो म्हणाला, "बापाला फाडलंस, आणि वर बरणीत घातलंस?" तेव्हापासून त्याने मला ताई म्हणून हाक मारलेली नाही. मला त्या सहीचा पश्चात्ताप नाही. त्या तुकड्यावरून जे शिकले, त्यावर पुढे कितीतरी माणसे चालत घरी गेली. पण भावाच्या हाकेवाचून आयुष्य गेले, हे दुःख खरे आहे आणि ते मी कुठल्याही निबंधात लिहिलेले नाही.

हा आजार रक्ताच्या नात्यात उतरतो. बाबांना होता, मला आहे, आणि भाऊ पुरुष असून वर सिगारेट ओढणारा, म्हणजे आगीत तेल. त्याचे टायरचे दुकान आहे. टायरला फुगा दिसला तर तो गिऱ्हाइकाशी भांडेल, पण गाडी पुढे जाऊ देणार नाही. स्वतःच्या पोटावर साधी सोनोग्राफी करून घे, म्हणून मी निरोपावर निरोप धाडले. प्रत्येक निरोपाला एकच उत्तर आले, की आधी बाबांना परत दे.

तर ठीक. बरणी भावाला मिळावी, त्याने तिचे यथायोग्य अंतिम संस्कार करावेत. अट एकच: आधी सोनोग्राफी. तोवर बरणी कपाटातून हलणार नाही. माझ्या वकील म्हणाल्या, अशी अट मृत्युपत्रात शोभत नाही. मी म्हटले, शोभेसाठी लिहीतच नाही. मला माझा भाऊ जिवंत हवा आहे. हे कलम भाचीने आजच त्याला वाचून दाखवावे. मी जाईपर्यंत थांबू नये.

सहीपूर्वीची हस्तलिखित भर.

भाचीने कलम वाचून दाखवले आणि दुपारी भाऊ दुकानाच्या काळ्या हातांनिशी विभागात आला. माझ्याकडे न बघता शिष्येला म्हणाला, कुठे झोपायचं ते सांगा. तो टेबलावर झोपला. मी पडद्यापाशी उभी राहिले. त्याची धमनीही फुगलेली आहे. अजून कापण्याची वेळ आलेली नाही. दर सहा महिन्यांनी मोजायची आणि सिगारेट आजपासून बंद. हे मी त्याला स्वतः, सोनोग्राफी तंत्रज्ञाच्या समक्ष सांगितले.

ठरल्याप्रमाणे मी बरणी काढून त्याच्यापुढे ठेवली. त्याने हात पुसले, ती उचलली, बराच वेळ पाहिली, आणि परत माझ्या हातात दिली.

"ताई, ही मी मृत्युपत्रातून घेणार नाही. तू उद्या नीट परत ये. बाबांना आपण दोघं मिळून नेऊ."

सबब कलम ५ मी स्वतःच्या हाताने रद्द करीत आहे. बरणी कोणाला दिलेली नाही. तिचे काम माझ्याकडे बाकी आहे आणि ते मला स्वतः करायचे आहे. लाभार्थ्याने साक्षीदार होऊ नये असे वकिलांनी सांगितले होते. आता भावाला या कागदातून काहीही मिळत नसल्यामुळे ती अडचणही उरली नाही.

स्थळ: रक्तवाहिन्या विभाग, सोनोग्राफीची खोली
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, बुधवार

सही: (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार:
१. सोनोग्राफी तंत्रज्ञ (सही)
२. टायर दुकानदार, मृत्युपत्र करणारीचा धाकटा भाऊ (सही, शेजारचा काळा डाग त्याच्याच अंगठ्याचा आहे, तो खाडाखोड समजू नये)