डॅशबोर्डमागची डबी

४ नोव्हेंबर
आजही गाडी सुरू झाली नाही. किल्ली फिरवली — नुसतं टक्-टक्. महिन्यात पाचव्यांदा. बॅटरी नवी आहे. म्हणजे दोष इलेक्ट्रिशियनचा. सप्टेंबरात त्याच्याकडूनच मागचा कॅमेरा आणि म्युझिक सिस्टिम बसवून घेतली होती.

५ नोव्हेंबर
त्याला चार गिऱ्हाइकांसमोर बोलले. हात पुसत म्हणाला, "ताई, एवढं सगळं लावलंत, आता एक पलंगही टाका आत." सगळे हसले. मीही हसले. खरं कारण वेगळं. घटस्फोटानंतर गाडी मागे घेताना "येऊ दे, येऊ दे" म्हणणारं कोणी उरलं नाही, म्हणून कॅमेरा. शेजारची सीट रिकामी वाटू नये, म्हणून गाणी.

८ नोव्हेंबर
दोन्ही काढून टाकलं. बॅटरी तरीही उतरली.

१० नोव्हेंबर
बॅटरी चार्ज करून बाबांकडे जाऊन आले. येताना तीन तास, एकटी. घटस्फोट झाल्यापासून ते माझ्याशी मोजकंच बोलतात. वहिनी माहेरी गेली की तिला न चुकता फोन — "पोचलीस का?" मला एकदाही नाही. आजही मी घरी येऊन अर्धा तास फोन हातात धरून बसले. शेहेचाळीसाव्या वर्षी हे लिहिण्याची लाज वाटते. पण न लिहिणं म्हणजे खोटेपणा.

मी निघताना बाबा नवा बल्ब लावत होते. आधी त्यावर पेनाने तारीख घातली. "किती टिकतो ते कळायला नको?" त्यांच्या घरात बल्बला, सेलला, झाडूलासुद्धा तारीख असते. माणसांचं मात्र विचारत नाहीत.

१३ नोव्हेंबर
इलेक्ट्रिशियनने गाडी बंद ठेवून मीटर लावला आणि एकेक फ्यूज काढत गेला. एक फ्यूज काढताच मीटरचा काटा खाली आला, म्हणजे वीज तिथूनच जात होती. त्या वायरीचा माग काढत त्याने डॅशबोर्डमागे हात घातला, तर काडेपेटीएवढी काळी डबी. कोमट.

"हे माझं काम नाही, ताई. गाडी कुठे आहे ते कोणाच्या तरी मोबाइलवर दाखवतं. स्वस्तातलं आहे, झोपतच नाही; गाडी बंद असली तरी बॅटरी पीत राहतं. घरातलं कोणी संशयी आहे का?"

डबीच्या चिकटपट्टीवर पेनाने लिहिलं होतं — ६ ऑक्टोबर. ते वळणदार सहा मी ओळखते. त्या रविवारी मी बाबांकडे गेले होते, तेव्हा ते "गाडी धुवून आणतो" म्हणून किल्ली घेऊन गेले आणि दोन तासांनी तशीच मळकी गाडी घेऊन आले.

आधी संताप आला. मी काय चौदा वर्षांची आहे! तळ्याकाठी गाडी लावून नुसतीच बसून राहिले, त्या दुपारीही त्यांना दिसल्या असतील. मग दहा तारखेची रात्र आठवली. मी फोनकडे बघत होते, तेव्हा तेही बघत असतील.

इलेक्ट्रिशियनची माफी मागितली. पण दुकानात दुसरं कोणी नव्हतं — म्हणजे अर्धीच मागितली.

"कापून टाकू?"

"नको. किल्ली फिरवल्यावरच चालू होईल, असं जोडा."

१७ नोव्हेंबर
न कळवता निघाले. फोन नाही, मेसेज नाही. बाबांच्या गल्लीत गाडी मागे घेतच न्यावी लागते. मान वळवली, तर फाटकाबाहेर बाबा उभे. स्वेटर उलटा घातलेला, दोन्ही हात वर. "येऊ दे… येऊ दे…"