निळे हातमोजे

३ फेब्रुवारी
पुन्हा तेच! डेंटल कॉलेजच्या ओपीडीत हातमोजे काढले तर मनगटापर्यंत लाल गांध्या. पुष्कर सर सगळ्यांसमोर म्हणाले, भांड्यांचा साबण बदल. मी भांडी घासते हे यांना कुणी सांगितलं? करी रोडच्या चाळीतली म्हटलं की बाकीचं आपोआप कळतं वाटतं! आमच्या वर्गातल्या बड्या घरच्या जेरीला पुरळ आलं असतं तर साबण काढला असता का?

५ फेब्रुवारी
आत सुती मोजे घालून बघितले. बोटांना काही कळेना, सुई दोनदा निसटली. वर शिंका. सर म्हणाले, झोप काढून ये.

७ फेब्रुवारी
दादरच्या स्किनवाल्या डॉक्टरीणबाईंनी टेस्ट केली. लेटेक्सची ॲलर्जी — म्हणजे त्या मोज्यांच्या रबराचीच. पुढे श्वासही अडकू शकतो म्हणाल्या. चिठ्ठी सरांच्या टेबलावर ठेवली. उचललीसुद्धा नाही. म्हणे, एवढं नाजूक असेल तर दुसरी लाइन बघ.

दुसरी लाइन! शेवटच्या वर्षाला! आमच्या घरात, आमच्या अख्ख्या मजल्यावर मी पहिली डॉक्टर होणार आहे. मरेन, पण सोडणार नाही.

कॅरिसा शेजारच्या खुर्चीवर काम करते. ती म्हणाली, "तू सरळ निळे घे ना. भांडत काय बसलीस?" निळे म्हणजे नायट्राइलचे, त्यात हे रबर नसतं. पण कॉलेजनं का देऊ नयेत? मी एकटीनंच का आणायचे?

१० फेब्रुवारी
आणले. सरांच्या नाकासमोर घातले. जेरी म्हणाला, फॅशन. म्हणू दे.

१८ फेब्रुवारी
आज माझ्याकडे कौसल्याबाईंचं रूट कॅनल होतं. परळच्या एका नर्सिंग होममध्ये आया आहेत. दाताभोवती रबर डॅम लावला — थुंकी आत जाऊ नये म्हणून लावतात तो पातळ पडदा. थोड्या वेळानं त्यांनी हात वर केला. ओठ सुजलेले, छातीत शिट्टी वाजत होती. मी नुसती उभी. सर धावत आले, पडदा ओढून काढला, मांडीत इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. वाचल्या. आता वॉर्डात आहेत.

सर ओरडले नाहीत. फक्त विचारलं, पडदा कशाचा होता? खोक्यावर ढळढळीत लिहिलेलं, लेटेक्स!

बीपी विचारलं, शुगर विचारली, पेनिसिलिन विचारलं. मी! रबर रबर म्हणून सगळ्यांचं डोकं खाल्लं, आणि ही एक गोष्ट विचारली नाही. आजवर सरांचासुद्धा एवढा राग आला नव्हता.

१९ फेब्रुवारी
वॉर्डात गेले. चहा पीत होत्या. रबरानं त्रास होतो हे आधी का नाही सांगितलंत, म्हटलं. म्हणाल्या, "दरवेळी सांगते हो. काल तुमचे निळे मोजे बघितले. वाटलं, या मॅडमना सांगायला नको."