नुसतं कव्हर बघून

बाबा,

चहा थर्मासमध्ये आहे. मी आज लवकर निघालोय, तुमच्यासमोर यायला तोंड नाही.

काल माझ्या वाढदिवसाला सगळ्यांदेखत मी तुम्ही दिलेली रेकॉर्ड नुसतं कव्हर बघून बाजूला सारली. "ही पहिल्या छपाईची तबकडी नाही, नंतर काढलेली, आवाज पार दबलेला," असं वर ज्ञानही पाजळलं.

सकाळी ती दिव्याखाली धरली. लेबलाजवळ कोरलेला नंबर पहिल्या छपाईचा निघाला. सहा वर्षं मी तीच शोधतोय. आईला विचारलं, तर म्हणाली, मूळ कव्हर फाटलं होतं, म्हणून तुम्ही दुकानदाराकडून नंतरचं धड कव्हर मागून घातलंत. पोराला फाटकी वस्तू कशी द्यायची, म्हणालात. तुमच्या चष्म्याच्या डबीतली चिठ्ठीही तिने दाखवली. त्यावर माझ्या हव्या असलेल्या रेकॉर्डच्या वहीतून उतरवलेला तोच नंबर होता.

माझं हे प्रोग्रेसिव्ह रॉक संगीत तुमच्या लेखी न संपणारा गोंगाट, तरी तुम्ही दुकानं पालथी घातलीत.

रेकॉर्ड प्लेअरवर लावून ठेवलीय. अजून ऐकलेली नाही. स्पीकरसमोरच्या माझ्या खुर्चीत मी कधी कुणाला बसू दिलं नाही. संध्याकाळी तिथे तुम्ही बसा. मी खाली बसेन.